केक माझ्या हातात होता

३ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. नियमित लिहायची. कारण माझ्यावर सिनेमा निघतो आहे.

काल शीना फाउलान घरी आली. शाळेतल्या फाउलान बाईंची धाकटी. मनिलाला सिनेमा शिकून आली आहे. कुठल्याशा फेस्टिव्हलने तिला थोडे पैसे दिलेत आणि त्यात तिला सान रोकेच्या रूरल बँकेवरच्या दरोड्याचा थरारपट करायचा आहे. सतरा वर्षं झाली त्याला. त्या दिवशी बँकेत हजर असलेला सर्वांत वरिष्ठ अधिकारी कोण? मी. एपिफानियो नुफाब्ले, घरच्यांचा नि गावाचा पान्योंग, असिस्टंट मॅनेजर, आता निवृत्त. म्हणजे मुख्य सल्लागार मीच. मानधन नाही, पण दुपारचं जेवण आणि पडद्यावर नाव.

तिला थोडक्यात हकिगत सांगितली. दोन दरोडेखोर आत शिरले. मी ताबडतोब पुढे झालो, त्यातल्या एकाला निःशस्त्र केलं, आणि तिजोरीची किल्ली शेवटपर्यंत माझ्या ताब्यात ठेवली. भिंतीवरची पाटी दाखवली. 'प्रसंगावधानाबद्दल', बँकेकडून. शीनाने फोटो काढला.

आतून नेनिता जोरात खोकली. कांदा चिरत होती. माझ्या बायकोला कांदा सोसत नाही.

५ जून

दरोड्याचा सिनेमा रंगतो कशाने, यावर शीनासाठी सात पानी टिपण तयार केलं. आयुष्यभर असले सिनेमे बघतोय, उगाच नाही. टिपणाचा सारांश: हेलिकॉप्टर पाहिजे. पाठलाग पाहिजे. काहीतरी फुटलं पाहिजे. नायक उंच पाहिजे आणि त्याचा शर्ट शेवटपर्यंत फाटत गेला पाहिजे.

शीनाने सगळं वाचलं. मुलगी नम्र आहे. म्हणाली, "सर, आपल्याकडे एक खोली आहे, अर्ध्या दिवसापुरती एक जीपनी गाडी आहे, आणि एक छताचा पंखा आहे."

मी म्हटलं, हेलिकॉप्टर परवडत नसेल तर निदान आवाज तरी घ्या.

ती म्हणाली, "पंख्याचा आवाज येतो, सर."

या पिढीला भव्य विचार करता येत नाही. हळूहळू शिकवू.

८ जून

वाईट बातमी. माझं काम नोली करणार.

नोली म्हणजे दर वर्षी पवित्र आठवड्याच्या नाटकात येशूला शिक्षा देऊन हात धुणारा पिलातूस होतो तो. एरवी बाजारात सुकी मासळी विकतो. हात धुण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, हे मान्य. पण उंची? पोट? तो चालतो तेव्हा पोट आधी येतं, नोली नंतर.

शीनाकडे लेखी निषेध नोंदवला. मग नेनिताला विचारलं, मोकळेपणाने सांग, नोली माझ्यासारखा दिसतो का?

ती म्हणाली, "दिसत नाही. पण काल तो रस्त्याने येत होता तर मी त्याच्यासाठी भात गरम करायला घेतला."

बायकोचे डोळे तपासून घ्यायला हवेत.

११ जून

शीना भलतेसलते प्रश्न विचारते. त्या दिवशी पंखा चालू होता का? गिऱ्हाइकं किती होती? तुम्ही सकाळी काय खाल्लं होतं? दरोडेखोर घाबरलेले होते का? मी म्हटलं, मुली, दरोडेखोराने घाबरायचं नसतं, घाबरवायचं असतं. तिने काहीच लिहून घेतलं नाही. मग म्हणाली, "दार कोणी उघडलं?"

म्हणजे बघा. मुद्दा काय आणि विचारते काय.

तिला समजावून सांगितलं. पहारेकरी देल्फिन कोपऱ्यावर शेवयांचं सूप, बाचॉय, खायला गेला होता. तो बाहेर गेला की काचेच्या दाराला आतून कडी लावायची. ते काम कॅशियरचं. कॅशियर साल्वासिऑन, सगळे साल्बिंग म्हणतात. त्या दिवशी कडी नीट लागलेली नव्हती. चौकशीतही तेच निघालं. साल्बिंगला मेमो मिळाला, बढती थांबली, आणि तिची बदली पार उत्तरेच्या शाखेत झाली. रोज दोन जीपनी बदलून जायची.

मी मात्र त्याबद्दल तिला एका शब्दाने बोललो नाही. कधीच नाही. चूक कोणाच्याही हातून होते. अशा गोष्टी मी मनात ठेवत नाही. शीनाला म्हटलं, हे सिनेमात दाखवू नकोस, बिचारीला वाईट वाटेल.

शीना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. बहुधा भारावली.

१४ जून

शीना साल्बिंगला भेटून आली! मला न विचारता! 'नांग साल्बिंग' काय म्हणते तिला, थोरली बहीण असल्यासारखी. मला मात्र 'सर'.

आज आल्या आल्या विचारते, "सर, ते निःशस्त्र केलंत म्हणजे नक्की काय केलंत?"

काही लपवण्यासारखं नाहीच. त्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईंचा वाढदिवस होता. पुढच्या दरोडेखोराच्या दोन्ही हातांत केकचा मोठा खोका होता, वर लाल रिबीन. मी तो खोका त्याच्या हातातून काढून घेतला. हातात काय होतं हे महत्त्वाचं नाही. काढून घेतलं, हे महत्त्वाचं.

शीना म्हणाली, "पण सर, केक तुम्ही घेतल्यावर त्याचे हात मोकळे झाले."

मी म्हटलं, हो.

"मग त्याने पिस्तूल काढलं."

मी म्हटलं, तो पुढचा भाग झाला.

फाउलान बाई शाळेत शिकवायच्या तेव्हाही अशाच मध्ये मध्ये बोलायच्या, असं ऐकलं आहे.

१५ जून

नेनिताने साल्बिंगकडे टोपभर आदोबो पाठवला. डुकराचं मटण काय भाव आहे! दर नाताळात पाठवते ते ठीक, आता जूनमध्येही? विचारलं तर म्हणाली, "तुझ्या वाटणीचं पाठवलं. तुला डॉक्टरने नाही सांगितलंय."

१८ जून

शीनाने मला सिनेमाचा गाभा समजावून सांगितला. मला! सल्लागाराला!

गाभा असा. दरोडेखोर समोर उभा. साल्बिंगच्या मुठीत तिजोरीची किल्ली. ती म्हणते, किल्ली मॅडमकडे असते आणि मॅडम शहरात गेल्यात. मग ती माझ्याकडे येते, "झाकण उडतंय, केकवर धूळ बसेल" असं म्हणत खोका नीट करते, आणि किल्ली केकमध्ये खुपसते. आणि मी तो केक धरून उभा.

आता, यात नवीन काय? मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. किल्ली केकमध्ये. केक माझ्या हातात. म्हणजे किल्ली कोणाच्या ताब्यात? बँकेने पाटी उगाच दिली का?

पण शीनाला हे सगळं प्रेक्षकांना आधीच दाखवायचं आहे. मी म्हटलं, अगं, मग मजा काय राहिली? शेवटी केक कापताना किल्ली निघाली पाहिजे, सगळे चाट पडले पाहिजेत!

ती म्हणाली, "सर, चाट पडायला एक क्षण लागतो. पण किल्ली कुठे आहे हे लोकांना ठाऊक आहे, दरोडेखोराला नाही, आणि केक धरून उभा असलेल्या माणसालाही नाही. आता तो माणूस शिंकला तरी लोक खुर्ची घट्ट धरतील. आणि खर्च किती? एक केक."

मी विचारलं, त्या माणसाला माहीत का नाही?

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं का, सर?"

म्हटलं, जेवणाची वेळ झाली.

२२ जून

शूटिंग सुरू. जुन्या बँकेत आता औषधांचं दुकान आहे, म्हणून एका रिकाम्या तांदळाच्या वखारीत बँक उभी केली आहे. अंगावर भुसा उडतो. दिवसभर फक्त पंखा, घाम आणि साल्बिंगचं काम करणाऱ्या मुलीचा हात. हाताचेच शॉट. मी शीनाला म्हटलं, चेहरा कधी घेणार? ती म्हणाली, आज फक्त हात.

एक हात बघायला कोण तिकीट काढणार?

केक खरा आणला आहे. मोका. सगळ्या दृश्यांत तोच पुरवायचा. दिव्यांमुळे वितळतो, मग बर्फाच्या पेटीत ठेवतात. पेटीची राखण करायची जबाबदारी सल्लागार म्हणून मी स्वतःकडे घेतली.

२३ जून

केकची एक बाजू सकाळपासून थोडी कमी दिसते, असं शीनाचं म्हणणं. कालच्या शॉटशी जुळत नाही. सगळा सकाळचा वेळ वाया. सगळ्यांची चौकशी. मी म्हटलं, बर्फात ठेवल्यावर वस्तू आक्रसतात, हे शास्त्र आहे.

नोली मला 'नोंग' म्हणतो, थोरल्या भावासारखा. तो म्हणाला, "नोंग, मिशीला शास्त्र लागलंय."

उद्यापासून गोड बंद. पूर्ण बंद. साखर तशीही वाढली आहे.

२४ जून

सान हुआनचा दिवस. रस्त्यावर जो तो येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी ओततोय. शूटिंगला सुट्टी मिळेल असं वाटलं होतं. पण शीनाने भिजलेले दरोडेखोर तसेच उभे केले. "त्या दिवशी पाऊस होता ना, सर? फुकटात पाऊस मिळाला." हेल्मेटमधून पाणी ठिबकतंय, दात वाजताहेत, असे दरोडेखोर असतात का? त्यांची कीव येत होती. दरोडेखोराची कीव आली की सिनेमा संपला. हा नियम माझ्या टिपणात चौथ्या पानावर आहे.

२७ जून

गुप्तपणे एक प्रसंग लिहून नोलीला दिला. त्यात मी (म्हणजे नोली) केक डाव्या हातात सावरतो, उजव्या हाताने काउंटरवर टेकून उडी मारतो आणि दरोडेखोराच्या छातीत लाथ घालतो. असं घडलं नाही, मान्य. पण घडू शकलं असतं. कलेत तेवढी मोकळीक लागते.

नोलीला प्रसंग फार आवडला. शीनाला न सांगता कॅमेरा चालू असताना करून टाकू म्हणाला.

२८ जून

नोलीची कंबर धरली आहे. काउंटर मोडला. केक वाचला.

शीना माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मी समजू शकतो, कलावंताचा ताण असतो. संध्याकाळी इतकंच म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही हललाच नाहीत. म्हणूनच सगळे जिवंत राहिले. ते दाखवणं मला पुरेसं आहे."

म्हणजे स्तब्ध राहून मी सर्वांचे प्राण वाचवले. हे तिला उशिरा का होईना समजलं.

४ जुलै

आज शेवटचा प्रसंग घेतला. दरोडेखोर ड्रॉवरमधली रोकड घेऊन निघतात. दारातून एक परत वळतो. बोट दाखवतो. म्हणतो, "केक."

हे खरंच घडलं होतं. मी त्या वेळी त्याच्याकडे करारी नजरेने पाहिलं होतं, हे शीनाला तीनदा सांगितलं आहे. आणि नोली काय करतो? केक दोन्ही हातांनी पुढे करतो. वर म्हणतो, "मोका आहे, साहेब."

मी ओरडलो, थांबवा! असं झालं नव्हतं!

शीना म्हणाली, नांग साल्बिंगने असंच सांगितलंय. मागे तांदळाच्या पोत्यावर साल्बिंग स्वतः बसलेली! मला दिसलीच नव्हती. पंख्याने वारा घेत होती. मी म्हटलं, साल्बिंग, तू सांग, मी असं म्हटलं होतं?

ती म्हणाली, "मला नीट आठवत नाही, सर. मोका होता एवढं आठवतंय."

पुढे ती मुलगी, साल्बिंग झालेली, दरोडेखोराला म्हणते, "एवढं नेताय, केक तरी ठेवा हो. आज आमच्या मॅडमचा वाढदिवस आहे." दरोडेखोर थांबतो. केककडे बघतो. मग ओशाळून म्हणतो, "हॅपी बर्थडे सांगा त्यांना." आणि जातो.

अख्ख्या वखारीत कोणी श्वास घेत नव्हतं. दिवे धरणारी माणसंसुद्धा. कॅमेरा बंद झाल्यावर सगळ्यांनी साल्बिंगसाठी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी नाही. मी केक बर्फात ठेवला.

९ जुलै

शीनाच्या टेबलावर दाराच्या प्रसंगाची पानं मिळाली. उघडीच पडली होती. (एका वहीखाली, पण उघडी.)

त्यात दार मी उघडतो! बाहेर पाऊस. काचेपलीकडे केक घेतलेला माणूस भिजतोय. कडी लागलेली आहे. साल्बिंग काउंटरमागून म्हणते, "सर, देल्फिनला येऊ द्या." आणि मी हसत हसत कडी काढतो आणि म्हणतो, "या, या. आत या. केक भिजेल."

शीनाला जाब विचारला. म्हटलं, ही बदनामी आहे. चौकशीचे कागद बघ. कडी लागलेलीच नव्हती.

ती म्हणाली, "कडी लागलेली नव्हती की तुम्ही काढलीत, सर?"

मी म्हटलं, बाहेर धो धो पाऊस. माणसाचे दोन्ही हात अडकलेले. केक मॅडमसाठी. कोणीही सभ्य माणूस...

मग थांबलो. ती लिहून घेत नव्हती, पण ऐकत होती.

तिथल्या तिथे सल्लागारपदाचा राजीनामा दिला. तोंडी.

१० जुलै

राजीनामा लेखी दिला. दुपारी वखारीत गेलो होतो, फक्त जेवायला. जेवणाचं आधीच ठरलेलं होतं, त्याचा राजीनाम्याशी संबंध नाही.

१३ जुलै

नेनिताला सांगितलं की साल्बिंगने माझ्याविरुद्ध कट केला आहे. मी तिला सतरा वर्षं मोठ्या मनाने माफ केलं, आणि ही परतफेड.

नेनिता भांडी घासत होती. नळ बंद केला. एरवी ती नळ बंद करत नाही.

म्हणाली, "पान्योंग, कडी साल्बिंगने लावली होती. तू काढलीस. चौकशीला साहेब आले तेव्हा तिनेच सांगितलं की लावायची राहिली. तुझी नोकरी गेली असती. आपली बेबेथ नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. साल्बिंगला तेव्हा पोरंबाळं नव्हती. ती म्हणाली, माझं एकटीचं भागेल."

मी विचारलं, तुला हे कोणी सांगितलं?

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? सगळ्या गावाला माहीत आहे. तुला सोडून."

मी म्हटलं, मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

नेनिता म्हणाली, "नाही. तू गप्प बसलास." आणि नळ सुरू केला.

झोप आली नाही. डास फार झालेत. उद्या जाळी बदलायची.

१४ जुलै

जाळी बदलली.

२० जुलै

काही लिहिण्यासारखं नाही.

२ ऑगस्ट

शीना आली होती. सिनेमा तयार झाला. फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी संध्याकाळी बास्केटबॉलच्या कोर्टवर पडदा लावून सगळ्या गावाला दाखवणार. मला पहिल्या रांगेत खुर्ची. म्हणाली, "सर, तुम्हाला नको असेल तर नाव बदलते. अजून वेळ आहे."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

ती गेल्यावर लक्षात आलं, नाव बदललं तर पडद्यावर माझं नाव येणारच नाही.

नाव राहू दे म्हणून निरोप पाठवला.

१५ ऑगस्ट

उद्याची योजना. पांढरा बारोंग शर्ट इस्त्री करून घेतला आहे. पहिल्या रांगेत बसायचं, पण कडेला. दाराचा प्रसंग आला की उभं राहायचं. खुर्ची आवाज होईल अशी सरकवायची. सगळ्यांनी वळून पाहिलं की काही न बोलता निघून जायचं. शांत निषेध. असला निषेध लोकांच्या लक्षात राहतो. घरी दोनदा सराव केला. नेनिता म्हणाली, फरशीवर ओरखडे पडताहेत.

१६ ऑगस्ट, फिएस्ता, रात्री घरी आल्यावर

कोर्ट खचाखच भरलेलं. लोक कठड्यांवर, झाडावर, उभ्या केलेल्या ट्रायसिकलच्या टपावर. लेचोन, अख्खं भाजलेलं डुक्कर, खाऊन सगळे सुस्तावलेले. मला वाटलं, अर्धे झोपतील. पंखा आणि हात बघून काय जागे राहणार?

सिनेमा सुरू झाला. पंखा. काउंटर. नोली एका गिऱ्हाइकाला फॉर्म कसा भरायचा ते समजावतोय. लोक हसले. नोली पेन्सिल कानावर ठेवतो, मग सगळीकडे शोधतो. लोक फार हसले. मी पेन्सिल शोधायचो? शोधायचो.

मग देल्फिन बाचॉय खायला जातो. साल्बिंग कडी लावते. फक्त हात. कडी बसल्याचा आवाज. पाऊस. काचेपलीकडे हेल्मेट घातलेला, दोन्ही हातांत केक घेतलेला माणूस. लाल रिबीन ओली झालेली. साल्बिंग म्हणते, "सर, देल्फिनला येऊ द्या."

मी उभं राहायला हवं होतं. खुर्चीचे हात धरले होते.

नोली दाराकडे निघाला. शीनाने त्याला पाठीमागून दाखवलंय. फार हळू चालतो. पंखा फिरतोय. हातातली पेन्सिल त्याने खिशात ठेवली, माणसाने सभ्यपणे कुणाचं स्वागत करायच्या आधी ठेवावी तशी. मागे कोणीतरी बाई म्हणाली, "नको." मग एक पोरगं ओरडलं, "उघडू नको!" मग अख्खं कोर्ट. झाडावरचे, टपावरचे. "उघडू नको! अरे, उघडू नको!" काय होणार हे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. सतरा वर्षं माहीत होतं. तरी ओरडत होते.

नेनिताने माझा हात धरला तेव्हा मला कळलं की मीपण ओरडत होतो.

नोलीने कडी काढली. "या, या. आत या. केक भिजेल."

मी बसूनच होतो.

केकच्या प्रसंगात कोणी जागचं हललं नाही. दरोडेखोर परत वळला तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "हॅपी बर्थडे सांगा त्यांना" वर सगळे हसत हसत रडले.

आणि मग सिनेमा संपायला हवा होता, पण शीनाने संपवला नाही. शेवटी साल्बिंग, पहाट नुकतीच उजाडलेली, जीपनीच्या थांब्यावर डबा घेऊन उभी. एक जीपनी येते, जाते. दुसरी येते. ती चढते. बस. एवढंच. हेलिकॉप्टर नाही.

नावं आली. माझं नाव आलं. 'सल्लागार'. मी वाचलं की नाही, आठवत नाही.

सगळे साल्बिंगभोवती गोळा झाले होते. मी गेलो. मनात एक वाक्य होतं, ते तयार होतं. तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "कडीचा आवाज जरा मोठा घेतलाय त्यांनी."

ती म्हणाली, "हो ना, सर. आपली कडी एवढी वाजत नव्हती."

मग घरी आलो. उद्या सांगेन.

१७ ऑगस्ट

साल्बिंगकडे निघालो होतो. घरासमोर माणसांची रांग. इलोइलो शहराहून कोणी टीव्हीवालेही आले होते म्हणे. अशा वेळी जाणं बरं दिसत नाही. परत आलो.

नेनिताने विचारलं, भेटलास? म्हटलं, गर्दी होती.

१९ ऑगस्ट

पाऊस.

२० ऑगस्ट

आज नक्की. सकाळी बाजारात साल्बिंग मासे घेताना दिसली. अगदी दहा पावलांवर. मी भाजीच्या गल्लीत वळलो. तिथून नारळाच्या गल्लीत. मासे घ्यायचे राहिले. नेनिताला सांगितलं, मासे ताजे नव्हते.

नोली भेटला. लोक त्याला आता पिलातूस म्हणत नाहीत, पान्योंग म्हणतात. मला विचारलं, "नोंग, वाईट नाही ना वाटलं?" म्हटलं, छे. कंबर कशी आहे?

२१ ऑगस्ट

पत्र लिहायचं ठरवलं. 'प्रिय साल्वासिऑन' पर्यंत झालं. पुढे बँकेची भाषाच येते. 'आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की'. फाडलं.

ठराव: जे काय ते तोंडी. पहिल्या संधीला. कुठेही असो. कारण सांगायचं नाही, पावसाबद्दल बोलायचं नाही, केकबद्दल तर नाहीच. एकच शब्द म्हणायचा आणि थांबायचं.

२३ ऑगस्ट

इलोइलोला डॉक्टरकडे जाऊन आलो. साखर वाढली आहे. डॉक्टर ओरडला.

परतीची जीपनी भरत आली होती. मी पायरीवर चढलो आणि वाकून आत शिरलो, तर समोरच्या बाकावर साल्बिंग. मांडीवर मोठी पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. मागून दोन बायका मला पुढे ढकलत होत्या, त्यामुळे मागे वळणं शक्य नव्हतं.

म्हटलं, आता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, गाणं मोठ्याने लावलं. कोणीतरी माझ्या खांद्यावरून भाड्याची नाणी पुढे दिली, ती मी पुढे दिली. मग छताच्या दांड्याला धरून वाकलो आणि तिच्या कानाशी स्पष्ट म्हटलं, "साल्बिंग, माफ कर."

तिने वर पाहिलं. "अगंबाई, सर!" म्हणाली. पिशवी उचलून छातीशी धरली आणि बाजूला सरकली. "बसा ना. खूप जागा आहे."

बसलो.